किनारा नावाचा संशयास्पद इसम

२८ मार्च २००८, शुक्रवार

वहीच्या कव्हरवर 'जुने कुरिअर नंबर' असं लिहिलंय. आता घरात कोणी हात लावणार नाही. डिस्पॅच सेक्शनला बावीस वर्षं काढली आहेत, पाकीट कसं बंद करायचं ते मला शिकवू नये.

घडलं ते असं. रसिकाचा साखरपुडा २७ एप्रिलला ठरला. मुलगा सार्थक सुर्वे, इंजिनियर. माणसं मूळ गुहागरकडची, आता भाईंदरला असतात. आनंदच आहे. पण आज जेवणं झाल्यावर रसिका आणि मनोरमा दोघी माझ्यासमोर येऊन बसल्या. माझी बायको आणि मुलगी एकदम समोर बसल्या की समजायचं, आधी मीटिंग झालेली आहे. रसिका म्हणाली की पूजेला पाटावर आईशेजारी बाबाच हवेत, पण धुळवडीसारखं काही होणार असेल तर नीरजमामा आणि संजनामामी बसतील.

नीरज म्हणजे मेहुणा. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला माझ्या पाटावर नीरज!

धुळवडीला काहीही झालं नव्हतं. सोसायटीच्या थंडाईत कोणीतरी काहीतरी मिसळलं आणि मला सेक्रेटरीच्या स्कूटरवर बसल्या बसल्या डोळा लागला. स्कूटर उभीच होती.

अट अशी की तीस दिवस एका वेबसाइटवर रोज हजेरी लावायची. नाव 'सोबत'. दारू आणि जुगार सोडू पाहणाऱ्यांसाठी आहे. रसिकाने पेपरातलं कात्रण हातात दिलं. आता मी सोडणाऱ्यांत कसा बसतो? सोडायला आधी धरावी लागते. मी आपला अधूनमधून. जुगाराचा तर प्रश्नच नाही. ऑनलाइन लॉटरी सरकारी असते, सरकार काय जुगार खेळतं?

तरी हो म्हणालो. तीस दिवस म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

२९ मार्च, शनिवार

घरच्या कॉम्प्युटरवर हे करणार नाही. तो सगळं लक्षात ठेवतो आणि पासवर्ड रसिकाचा आहे. सिल्व्हर पार्कच्या नाक्यावर जितेंद्रभाईचा सायबर कॅफे आहे, तिथे गेलो. एका बाजूला वाइन शॉप, दुसऱ्या बाजूला लॉटरी सेंटर. योगायोग. जितेंद्रभाईने ओळखपत्र मागितलं, पोलिसांचा नियम आहे म्हणाला. रजिस्टरमध्ये नाव, पत्ता, सही. ज्या साइटवर नाव सांगायचं नसतं तिथे जायला सही करून जायचं, हे कसं काय?

साइटवर टोपणनाव घ्यावं लागतं. मी 'जागरूक' घेतलं. रोज दोन प्रश्न येतात. आज प्यायलात का? आज खेळलात का? हो किंवा नाही. दोन्हीला 'नाही' दाबलं. येताना लॉटरीचं एकच तिकीट घेतलं, शुभारंभ म्हणून.

३० मार्च, रविवार

मला एक 'सोबती' मिळालाय. म्हणजे असा माणूस, जो स्वतः यातून गेला आणि आता रोज माझ्याशी चॅट करणार. टोपणनाव 'किनारा'. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहितो. मीही तसंच, एका बोटाने.

साइटचा नियम आहे की नाव विचारायचं नाही, नोकरी विचारायची नाही, गाव विचारायचं नाही. गाव न विचारता माणसाशी बोलायचं कसं? आमच्याकडे रिक्षात शेजारी बसलेल्यालाही आधी म्हसळ्याचे का माणगावचे ते विचारतात, मग हवापाणी. मी विचारलंच. तो म्हणाला गावाचं राहू द्या, आजचा दिवस कसा गेला ते सांगा.

गाव लपवणारा माणूस मी आजवर एकच पाहिला. त्याच्यावर अटक वॉरंट होतं.

२ एप्रिल, बुधवार

चार दिवस कडक. साडेचार म्हणायला हरकत नाही.

गमबुटातली क्वार्टर आज सहज बघितली. (चपलांच्या कपाटात खाली माझे गमबूट असतात. पावसाळ्यापर्यंत तिकडे कोणी फिरकत नाही.) तर सील उघडलेलं! मीच उघडलं असेल मार्चमध्ये, पण खात्री नाही. मनोरमाने पाणी घातलं असेल तर? घरात विश्वासच नाही म्हणजे काय राहिलं? दोन घोट घेऊन तपासणी केली. पाणी नव्हतं. बरं वाटलं.

तपासणी म्हणजे पिणं नव्हे. कॅफेत जाऊन 'नाही' दाबलं.

३ एप्रिल, गुरुवार

किनारा फार विचारपूस करतो. झोप लागते का, हात थरथरतात का, घरात ठेवलेली आहे का. घरात ठेवलेली आहे का हे त्याला कशाला पाहिजे? हे प्रश्न मनोरमाचे आहेत. मला वाटतं घरातून कोणीतरी याला पढवतंय, आणि मी लिहिलेलं घरी पोचतंय.

सापळा लावला. किनाऱ्याला लिहिलं की हो, आहे, तांदळाच्या डब्यात तळाशी. साफ खोटं. आता बघू.

५ एप्रिल, शनिवार

सापडले!

सकाळी उठतो तर मनोरमा गच्चीवर. तांदळाचा डबा अख्खा चादरीवर ओतलेला, उन्हात पसरलेला. मी काय चाललंय विचारलं. म्हणाली पोरकिडे झालेत, वर्षाचं धान्य आहे, बोरिक पावडर लावून परत भरणार. दरवर्षी एप्रिलमध्ये करते म्हणाली. करत असेल. पण मी गुरुवारी लिहितो आणि ही शनिवारी ओतते, एवढं माझं डोकं चालतं.

वर मलाच दोन तास कावळे हाकायला बसवलं. उन्हाने डोकं धरलं. संध्याकाळी तपासणी.

९ एप्रिल, बुधवार

दुसरा सापळा. किनाऱ्याला लिहिलं, जागा बदलली, आता दिवाणातल्या गाद्यांच्या मधे आहे. तो म्हणाला, जागा सांगू नका हो, ओतून टाका, आणि जमलं तर ओतताना घरचं माणूस शेजारी असू द्या. म्हणजे मनोरमाला समोर उभं करून पंचनामा! किती गोड बोलतो हा इसम.

त्याने स्वतःचंही सांगितलं. मुलीच्या लग्नात हा कार्यालयाबाहेर रिक्षात पडून होता. पाठवणीच्या वेळी मुलगी रिक्षाजवळ आली, याच्या पायाला हात लावला आणि गेली. याला दुसऱ्या दिवशी दुसऱ्यांकडून कळलं. चौदा महिने झाले, घेतलेली नाही म्हणतो.

स्टोरी चांगली आहे. पण अशा स्टोऱ्या तयार ठेवलेल्या असतात.

११ एप्रिल, शुक्रवार

गाद्या गच्चीवर. सगळ्या. साखरपुड्याला गावाकडून अनसूयाआत्या आणि मंडळी येणार, त्यांना ऊन दाखवलेल्या गाद्या हव्यात असं कारण सांगितलं. कारण हिला कधी कमी पडत नाही.

मी नुसतं 'मिळालं का काही?' असं विचारलं. ती म्हणाली, काय मिळायचंय, ढेकूण? अभिनय पक्का आहे.

१३ एप्रिल, रविवार

तिसरा आणि शेवटचा सापळा. काल लिहिलं होतं, माळ्यावर मोठ्या पातेल्यात. आज सकाळी नीरज आला, स्टुलावर चढला आणि माळ्यावरची सगळी पातेली खाली काढली. म्हणे साखरपुड्याआधी घरी नातेवाइकांचं जेवण करायचंय, चाळीस पानं उठणार. तीनपैकी तीन! लॉटरीत असं कधी होत नाही.

तेव्हा किनारा म्हणजे नीरज. पातेल्यात हात घालून आतून पुसत होता. पुसणं हे निमित्त.

१५ एप्रिल, मंगळवार

नीरज नाही. संध्याकाळी कॅफेतून किनाऱ्याशी चॅट चालू ठेवून बाहेर आलो आणि पीसीओवरून नीरजला फोन लावला. तो मोटारसायकलवर होता, फाटकाजवळ अडकलेला, हॉर्न ऐकू येत होते. आत आलो तर किनाऱ्याचे तीन मेसेज. मोटारसायकलवरून टायपिंग होत नाही. शिवाय नीरजला शुद्ध मराठी येत नाही.

मग कोण? या विचाराने बेचैन झालो. तपासणी जरा सविस्तर झाली. बाटली संपली. नाक्यावरच्या वाइन शॉपमधून तशीच दुसरी आणून ठेवली, कारण रिकामी बघितली तर मनोरमाला संशय यायचा. 'नाही' दाबलं.

रसिकाने आज माझ्यासाठी कुर्ता आणला. मोतिया रंग, गळ्याला बारीक जरी. पाटावर बसताना घालायचा. घालून बघितला. ती लांबून बघत होती आणि हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मी ठरवलंय की उद्यापासून तपासणीसुद्धा बंद.

१८ एप्रिल, शुक्रवार

तपासणी बंद ठेवली. एक दिवस.

पण आज मोठा पुरावा हाती आला. किनारा बोलता बोलता घसरला. म्हणाला, शिमग्याला पालखी दारात आली तेव्हा मी शुद्धीत नव्हतो, आईनेच ओटी भरली, ते मला अजून खातं. शिमग्याला पालखी दारात! म्हणजे रत्नागिरी जिल्हा. मी विचारलं, रत्नागिरीत कुठे? पुन्हा टाळलं. मग म्हणाला, यंदा आमच्या घरात कार्य आहे, मन थाऱ्यावर नसतं.

रत्नागिरीकडचा. घरात यंदा कार्य. मनोरमाशी बोलणं होणारा.

दाराला कडी लावून पुढची ओळ लिहितो. किनारा म्हणजे दशरथराव सुर्वे. सार्थकचे वडील. माझे होणारे व्याही.

२० एप्रिल, रविवार, संध्याकाळ

दशरथराव आणि वहिनी कार्यक्रमाचं बोलायला आले होते. बारीक नजर ठेवली.

मुद्दा एक: चहा आला तेव्हा ते म्हणाले, 'हळूहळू घेऊ.' किनारा मला रोज 'हळूहळू घ्या' लिहितो. मुद्दा दोन: मनोरमाशी बोलताना आवाज खाली. ओटीच्या साड्यांचं बोलत होते म्हणे. मुद्दा तीन: मी सहज म्हणालो, हल्ली कॉम्प्युटरवर काय काय चालतं. ते म्हणाले, आपल्याला त्यातलं काही कळत नाही बुवा. इतक्या पटकन कोण नाही म्हणतं?

सगळं जुळलं. मुलीच्या बापाची परीक्षा घ्यायला माणूस वेबसाइटवर बसलाय. पूर्वी लोक गावात चौकशी करायचे, शेजारपाजारी विचारायचे. आता ही पद्धत निघाली.

तरी त्यांना निरोप द्यायला खाली गेलो तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, पोरीने तुमचं फार सांगितलंय. म्हणजे फाईल पूर्ण आहे.

२३ एप्रिल, बुधवार

आता किनाऱ्याला मी सावधपणे लिहितोय. आज लिहिलं की मी पंचवीस दिवस थेंबाला शिवलो नाही, पूजेला पहाटे उठतो, रामरक्षा म्हणतो. तो म्हणाला, जागरूक, मला खरं सांगितलंत तरी मी कोणाला सांगणार नाही, सांगायला मला तुमचं नावच माहीत नाही. वा! नाव माहीत नाही. साखरपुड्याच्या पत्रिकेवर छापलंय की माझं नाव, तुमच्या नावाच्या वर!

रागाने तपासणी झाली. दोनदा. रोज 'नाही' दाबून दाबून त्या बटणाचा मला कंटाळा आलाय.

मनोरमाने रात्री विचारलं, अहो, जमतंय ना? मी म्हटलं, न जमायला काय झालं. तिने माझ्या कुर्त्याला इस्त्री करायला घेतली. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली पण ही अशी गप्प बसली की मला धडकी भरते.

२६ एप्रिल, शनिवार

उद्याचा प्लॅन.

एक. सकाळी काहीही घ्यायचं नाही. कारण काहीही असो.

दोन. पूजा होईपर्यंत दशरथरावांशी हवापाण्यापलीकडे बोलायचं नाही.

तीन. पूजेनंतर, जेवणाआधी, त्यांना बाजूला घेऊन हसत हसत सांगायचं की मी ओळखलं होतं. ते चाट पडतील. व्याही म्हणून पुढे माझा वचक राहील.

किनाऱ्याचा मेसेज होता. उद्या घरात काही महत्त्वाचं असेल तर सकाळी उठल्या उठल्या मला एक ओळ लिहा. काहीही लिहा. मी बसलेलो असेन. उत्तर दिलं नाही. उद्या प्रत्यक्षच भेटतोय.

२७ एप्रिल, रविवार, सकाळी सव्वासात

सगळ्या बायका तयार होतायत. अनसूयाआत्या बाथरूम सोडत नाही.

विचार केला की आज घरात पाहुणे, चपलांचं कपाट उघडझाप होणार. गमबुटात काही सापडलं तर रसिकाचं नाक कापलं जाईल. तेव्हा पुरावा नष्ट करणं हे माझं कर्तव्य आहे. बेसिनमध्ये ओतली तर वास येतो. दुसरा मार्ग एकच होता.

मुलीसाठी केलं. डोकं एकदम स्वच्छ आहे.

२७ एप्रिल, दुपारी सव्वाचार, घरी

घरी मी एकटाच. बाकी सगळे हॉलवर.

मी शांतपणे, क्रमाने लिहितो. हॉलवर नऊला पोचलो. कुर्ता सगळ्यांना आवडला. पाट मांडलेले, रांगोळी झालेली. मनोरमा नव्या पैठणीत होती, मला म्हणाली बसा इथे, भटजी आलेच. मी बसणारच होतो. पण समोर दशरथराव, हातात पेढ्यांचा बॉक्स, आणि माझ्याकडे बघून हसले. ते हसू मला सहन झालं नाही. मी त्यांना हाताला धरून हॉलच्या मागे नेलं, जिथे आचाऱ्याचे सिलिंडर असतात.

म्हटलं, किनारासाहेब, नाटक पुरे.

ते म्हणाले, कोण किनारा?

मग मी सगळा उलगडा केला. तांदूळ खोटा, गाद्या खोट्या, पातेली खोटी, खरी जागा गमबूट. रोजच्या रोज 'नाही' दाबलं आणि तुम्हाला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. तपासणी म्हणजे काय तेही समजावलं. लॉटरीचंही सांगितलं, सरकारी आहे हे धरून. मी बहुतेक जरा मोठ्याने बोलत होतो. आचारी थांबला. मागे बघितलं तर दारात सार्थक, नीरज आणि रसिका.

दशरथराव पेढ्यांचा बॉक्स तसाच धरून उभे होते. त्यांनी मला एकही वाकडा शब्द ऐकवला नाही. फक्त म्हणाले, "शिर्केसाहेब, मुलगी आम्हाला पसंत आहे. त्यात बदल नाही. तुम्ही आता घरी जाऊन पडा."

नीरजने मला रिक्षात घातलं. रिक्षा एवढ्या लवकर कशी आली? ती आधीच सांगून ठेवलेली असणार. पाटावर नीरजला बसवायचं हे यांचं पहिल्यापासून ठरलेलं होतं, मला नुसतं निमित्त केलं. नीरज सोवळ्याचं पितांबर पिशवीतून घेऊनच आला असेल. उद्या हे सगळं बाहेर काढतो.

२८ एप्रिल, सोमवार, सकाळ

ऑफिसला गेलो नाही.

रसिका खोलीत आली. हातात चहा आणि कालच्या जेवणातली पुरणपोळी. माझ्यासाठी बाजूला काढून ठेवली होती म्हणाली. तिच्या बोटात अंगठी होती. मी छान आहे म्हणालो. ती हो म्हणाली.

मी विषय काढला. म्हटलं, नीरजची तयारी पूर्ण होती ना? ती म्हणाली मामाची काहीच तयारी नव्हती. जीन्सवरच बसला पूजेला. भटजी कुरकुरले, पण दुसरं काही आणलेलंच नव्हतं. आईने त्याला सांगूनसुद्धा ठेवलं नव्हतं. आई म्हणाली होती, सांगितलं तर ह्यांना कळेल आणि वाईट वाटेल.

मग मी म्हटलं, आणि किनारा? तो तुम्ही लावलेला होता ना? किनारा कोण ते तिला माहीत नाही. काल हॉलच्या मागे तिने ते नाव पहिल्यांदा ऐकलं. साइट नाशिककडच्या कोणी बाई चालवतात, पेपरात आलं होतं तेवढंच तिला ठाऊक. मी काय लिहितो ते तिने कधी वाचलं नव्हतं. हजेरी कशी तपासायची हेसुद्धा तिला माहीत नाही. तांदूळ दरवर्षी उन्हात घालतात, बाबा, म्हणाली.

मी म्हटलं, मग तीस दिवस तू बघत काय होतीस?

"तुम्ही रोज संध्याकाळी चपला घालून कॅफेत जायचात. मी तेवढंच बघायचे," ती म्हणाली. "बाकी मी बघत नव्हते, बाबा. मी धरून चालले होते."

हे ती रागावून म्हणाली असती तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. बावीस वर्षं आलेल्या प्रत्येक पाकिटावर संशय घेतला, आणि घरात कोणी माझ्यावर घेतच नव्हतं. मला रडू आलं. तिच्यासमोर आलं. तिने चहाचा कप माझ्या हातातून काढून घेतला, सांडायला लागला होता म्हणून.

तिला ऑफिसला उशीर होत होता. ती निघाल्यावर मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. रसिका गेटमधून बाहेर पडली, पर्स सावरली, सिल्व्हर पार्कच्या नाक्याकडे चालत गेली. मी ती वळेपर्यंत उभा होतो. तिने एकदाही वर बघितलं नाही.